मुके कप

सून आजकाल बसत नाही. येते ती उभ्या-उभ्या, जाते ती उभ्या-उभ्या, आणि मधल्या वेळात काही विचारलंच तर अशा बेतानं, की उत्तर तिच्या पाठीनं ऐकावं. "आई, गोळी घेतली ना?" झालं. घेतली म्हणा, नाही म्हणा, विष घेतलं म्हणा, बाई केव्हाच दाराबाहेर. बसायला काही भाडं पडत नाही. हापिसात खुर्च्या ढीगभर. त्यातली एक तर चाकांची, मुलानं मुद्दाम आईसाठी आणलेली, पाठ टेकली की मागं कलणारी. "खुर्चीला चाकं दिलीस बाबा, पण मला जायला जागा कुठं ठेवलीस?" असं मोठ्या बाईंनी ती आली त्याच दिवशी विचारलं होतं, आणि मुलगा खो-खो हसला होता. त्याला तो विनोद वाटला. तर आज मंगळवारी सकाळी सून आली, टेबलाच्या कडेला दोन बोटं टेकवून उभी राहिली, गोळीचं विचारलं, आणि विचारताना तिचे डोळे हापिसाच्या काचेपलीकडच्या नव्या यंत्रावर होते. मोठ्या बाईंनी मुद्दाम उत्तर दिलं नाही. बघू तरी, किती वेळ वाट बघते. तिनं वाट बघितलीच नाही. उत्तर मिळालं नाही हे तिच्या गावीसुद्धा नव्हतं. एवढीच गोष्ट, पण पायरी आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन निघावी, तसा मोठ्या बाईंना आतून एक हिसका बसला, आणि नंतर बराच वेळ त्या टेबलाच्या कडेवर उमटलेल्या दोन बोटांच्या ओलसर खुणांकडे बघत राहिल्या. खुणा आकसत गेल्या. मग टेबल नुसतंच टेबल राहिलं.

कारखाना कपबशांचा. नवऱ्यानं उभा केला, तो गेल्यावर मोठ्या बाईंनी चालवला, आता मुलगा-सून चालवतात. मुलगा-सून पुलापलीकडच्या नव्या इमारतीत राहतात आणि मोठ्या बाई इथंच, कारखान्याच्या माथ्यावरच्या दोन खोल्यांत, जिथं पायाखालची फरशी भट्टीमुळे बारमाही कोमट असते. त्यांचं काम कप वाजवायचं. भट्टीतून निघालेला कप दिसायला राजबिंडा असला तरी त्याच्या अंगात केसाएवढी चीर असू शकते. ती डोळ्याला दिसत नाही, दिसते ती महिन्या-दोन महिन्यांनी, चहा गिऱ्हाइकाच्या मांडीवर सांडल्यावर. म्हणून प्रत्येक कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर तोलायचा, उजव्या हातातल्या लाकडी कांडीनं काठावर टिचकी द्यायची आणि ऐकायचं. टिचकी कपाच्या कानाच्या, म्हणजे दांडीच्या, बरोबर समोर द्यायची. कपाच्या कानाजवळ वाजवलं तर चांगला कपही स्वर बदलून फसवतो. खणखणीत वाजला तर पुढं, बद्द वाजला तर खाली, फुटक्यांच्या पेटीत. चाळीस वर्षं. मोठ्या बाईंची शाळा दुसरीतच सुटली होती, पण कानानं त्या पदवीधर होत्या. त्यांच्या टेबलाला आणखी चार बायका. त्यातल्या एकीला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती सकाळी आठला सुरू व्हायची आणि मधे बातम्या, गाणी, शेजारणीची भांडणं, सगळं लागायचं, फक्त बंद करायचं बटण नव्हतं. कान कामाला आणि तोंड मोकळं, असं दुसरं काम जगात नसेल. पाच जणींच्या पाच कांड्या, टण्ण टण्ण टण्ण, त्यातून रेडिओचं बोलणं, आणि मधेच कुणाचा तरी कप बद्द वाजला की सगळ्याजणी एकदम क्षणभर गप्प, कुणी वारल्याची खबर यावी तशा. मग पुन्हा सुरू.

तो आवाज गेला. यंत्र तीन आठवड्यांपूर्वी आलं आणि आवाज घेऊन गेलं. काचेच्या कपाटासारखं आहे, आतून काळा स्पंज लावलेला. पट्ट्यावरून कप आत सरकतो, बोटाएवढी हातोडी त्याला टिचकी देते, हरभऱ्याएवढा माईक ऐकतो, आणि पसंत पडला नाही तर एक पातळ पात त्याला ढकलून लाल पेटीत टाकते. बाहेर ऐकू येतं ते नुसतं टक, टक, जीभ टाळूला लावून सोडल्यासारखं. पाच बायका पाठीचा काटा ढिला करून दिवसाला चार हजार कप वाजवायच्या; हे बारा हजार वाजवतं, आणि संध्याकाळी कुठं दुखतंय म्हणत नाही. मुलगा हल्ली उत्पादकता म्हणतो. केवढा शब्द! तोंडात मावेपर्यंत दोन कप वाजवून होतील. कुणालाही घरी बसवलं नाही, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला छाती काढून सांगतो, आणि खोटं नाही ते. रेडिओला पॅकिंगमध्ये घातलं, तिथं कागदाच्या चुरचुरीत तिचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून ती आता घरी जाऊन नवऱ्याचं डोकं खाते; बाकीच्या तिघी झिलईच्या खोलीत, तोंडाला फडकं बांधून. टेबल भिंतीला लावलं. मोठ्या बाईंना हापिस दिलं, चाकांची खुर्ची दिली, आणि "आई, तू आता नुसतं लक्ष ठेव" असं सांगितलं. कशावर? सुनेचं गणित त्याहून पुढचं. यंत्र टिकलं तर दुसरी भट्टी परवडेल, दुसरी भट्टी आली तर तीस नवी माणसं लागतील. ती हे सांगताना हातानं हवेत पायऱ्या काढते. यंत्र महिन्याच्या बोलीवर आहे. नीट चाललं तर राहील, नाही तर परत.

आणि मोठ्या बाई काही नव्याच्या वैरी नव्हत्या. उलट. नवऱ्याच्या वेळी भट्टी लाकडाची होती आणि एक भट्टीवाला होता, काळा, कोरडा, खोकत बोलणारा. तो झरोक्यातून आगीचा रंग बघून सांगायचा, अजून अर्धा तास, आता बस. त्याचा रंग चुकला तर अख्खी भट्टी वाया. गॅसची भट्टी आणा, काट्याचं मीटर लावा, असं नवऱ्याच्या मागं कुणी लागलं असेल तर मोठ्या बाई. धूर गेला, वाया जाणं निम्म्यावर आलं, नवरा म्हणाला, बायको शाळेत गेली असती तर माझी नोकरीच गेली असती. भट्टीवाल्याला काढलं नाही. पगार चालू ठेवला. तो रोज वेळेवर यायचा, मीटरसमोर स्टुलावर बसायचा आणि त्या काट्याकडे बघत राहायचा. काटा काही त्याला विचारायचा नाही. मोठ्या बाई जाता-येता म्हणायच्या, अहो काका, घरी जाऊन पडा की, इथं काय बघताय? तो म्हणायचा, बघतो जरा. सहा-सात महिने बघितलं त्यानं. मग एक दिवस यायचा थांबला, आणि मोठ्या बाईंना सुटल्यासारखं झालं, कारण त्या स्टुलाला वळसा घालून जावं लागायचं. आता चाकांच्या खुर्चीत बसल्या-बसल्या त्यांच्या डोळ्यांपुढे तो येतो तेव्हा त्याचं तोंड आठवत नाही. पाठ आठवते. तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं.

पण यंत्राआधीचे तीन महिने. ते मात्र मोठ्या बाईंनी जपून ठेवले आहेत, रोज थोडे-थोडे काढून बघतात. यंत्राला ऐकायला शिकवायचं होतं, आणि शिकवणार कोण, तर मोठ्या बाई. म्हणून सून रोज दुपारी दोनला त्यांच्या शेजारी स्टूल ओढून बसायची, मांडीवर तो घडीचा कॉम्प्युटर. कप वाजला की छोटा माईक तो टिपायचा, मोठ्या बाई निकाल सांगायच्या, सून नोंद करायची. खणखणीत. खणखणीत. बद्द. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि सहा वर्षांत दोघी सलग दहा मिनिटं कधी बसल्या नव्हत्या. पहिल्या आठवड्यात नुसतं काम. दुसऱ्या आठवड्यात सुनेनं विचारलं, "आई, तुम्हाला झोपेतसुद्धा ऐकू येतं का हो?" आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझा सासरा घोरायचा तोसुद्धा बद्द." सून इतकी हसली, की तिला उचकी लागली. तिथून जे सुरू झालं! तिची आई ती आठवीत असताना गेली, मग वेणी घालायला कुणी नाही म्हणून वडिलांनी तिचे केस बारीक करून आणले, आणि ती वर्षभर शाळेत मागच्या बाकावर बसली. हे तिनं नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नव्हतं. मोठ्या बाईंनीही सांगितलं. चाळीस वर्षं त्या रोज सकाळी पेपर उघडून बसतात ते वाचायला नव्हे. चित्रं बघतात, अक्षरं जुळवायला गेलं तर एका ओळीला चहा थंड होतो, पण कामगारांसमोर मालकिणीनं पेपर धरलेला बरा. सून हसली नाही. म्हणाली, "मग मी नोंदी मोठ्या अक्षरात ठेवते, तुम्हाला दिसतील अशा." तिच्या केसांना कसल्याशा साबणाचा वास यायचा. दुपारच्या उन्हाची तिरीप टेबलावर सरकत यायची आणि कपांच्या काठांवर एकेक करून उभी राहायची. शेजारी बसलेल्या माणसाचा दंड आपल्या दंडाला लागला की किती ऊब असते, हे मोठ्या बाई विसरूनच गेल्या होत्या. नवऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि मुलगा नमस्कार करतो तो लांबून.

चार वाजत आले की मात्र ती कॉम्प्युटर मिटायची. "आजच्यापुरतं झालं, आई." आणि उठायची. त्या मिटण्याचा आवाज मऊ होता, पण मोठ्या बाईंच्या कानाला तो दिवसातला सगळ्यांत बद्द आवाज वाटायला लागला. मग एका दुपारी, सून नुकतीच केस खांद्यापर्यंत कापून आलेली, सारखी मानेवरून हात फिरवत होती. चारला दहा कमी होते, तिचा हात झाकणाकडे गेला, आणि मोठ्या बाईंच्या बोटांवर एक कप होता. चांगला, खणखणीत, नाव ठेवायला जागा नाही असा. मोठ्या बाई म्हणाल्या, "थांब." पुन्हा वाजवला. भुवया आकसल्या. "हा मुका आहे." सुनेनं झाकण परत उघडलं. "मुका म्हणजे?" आता काय सांगणार? तोंडातून निघालं, "वाजतो, पण बोलत नाही." सुनेचे डोळे मोठे झाले. अर्धा तास बसली त्या दिवशी. तिनं तिसरं खातं पाडलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, मुका; मोठ्या बाईंना तेवढी अक्षरं वाचता आली. टेबलापलीकडून रेडिओनं ऐकलं आणि लागलीच लागली, "मोठ्या बाई, या वयात मुके देताय होय? आम्हाला पण कळू द्या कुणाला!" सगळं टेबल हसलं, सून लाजली, आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला. बिचाऱ्याला तुझ्या तोंडातून जागा मिळत नसेल." दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला दोन मुके निघाले. मग पाच. मग रोज दहा-बारा. त्या खोटं बोलत होत्या असं त्यांना एकदाही वाटलं नाही. घरी आलेल्याला आपण म्हणतो ना, बसा हो, चहा टाकलाय, आणि मग आत जाऊन चहा टाकतो. तसंच.

आज दुपारी यंत्रवाला आला. यंत्राच्या कंपनीचा माणूस, पोरगेलासा, गळ्यात ओळखपत्र अडकवलेलं, आणि पहिल्याच वाक्यात मोठ्या बाईंना "आजी" म्हणाला, तेव्हाच त्यांनी त्याचं नाव मनातल्या फुटक्यांच्या पेटीत टाकलं. हापिसात मुलगा, सून, यंत्रवाला आणि मधे टेबलावर लाल पेटी, काठोकाठ भरलेली. मुलाचा आवाज चढलेला. "शंभरातले तीस. तीस फेकतंय! पहिल्या आठवड्यात बारा होते, मग वीस, आता तीस. आणि हे बघा, यातला एक तरी फुटका आहे? मी दहा कप उकळत्या पाण्यात टाकले. एकाला काही झालेलं नाही."

"यंत्र चुकत नाही साहेब," यंत्रवाला म्हणाला. "ते शिकवल्यासारखं वागतं. रोज जे ऐकतं त्यावरून स्वतःचं शिकणं आणखी पक्कं करत जातं. मुळात काही उलटसुलट शिकवलं गेलं असेल, तर तेही पक्कं होणार."

"शिकवलं कुणी?" मुलगा बायकोकडे वळला. परक्या माणसासमोर. "मी पहिल्यापासून म्हणत होतो, एकदम उडी नको. पण नाही. तुझं खूळ! भट्टी काय, तीस माणसं काय..."

सून टेबलाशी उभी होती. चेहरा पांढरा, झिलई न दिलेल्या कपासारखा. "नोंदी मी स्वतः केल्यात," ती हळू म्हणाली. "आईंच्या शेजारी बसून. एकेक कप."

"मग तुझ्या नोंदी चुकल्या."

"हे मुके म्हणून जे खातं आहे ना," यंत्रवाला कॉम्प्युटरात डोकं घालून म्हणाला, "फेकलेले बहुतेक सगळे त्यात बसवतंय. हा काय प्रकार आहे?"

मुलगा आईकडे वळला. "होय गं आई, हे मुके म्हणजे काय? इतक्या वर्षांत मी कधी ऐकलं नाही."

"तू ऐकायला बसला होतास कधी?" मोठ्या बाई म्हणाल्या. जीभ कामाला लागली की त्यांना विचार करावा लागत नाही. ती आपली चालते. पण मग सूनच पुढे झाली, खुर्चीच्या हाताला धरून वाकली, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा इतका जवळ आला, की डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. "आई, पुन्हा एकदा सांगता? मुका नक्की कशानं ओळखायचा?" सगळे बघत होते. बाहेर पट्टा चालू होता, टक, टक. मोठ्या बाईंनी पदर सारखा केला. चाळीस वर्षांत त्यांच्या निकालावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. नवरासुद्धा म्हणायचा, ती बद्द म्हणाली म्हणजे माझं डोकंसुद्धा बद्द. आणि आता या गळ्यात पट्टा बांधलेल्या पोरासमोर? "ते सांगून कळत नाही," त्या म्हणाल्या, आणि खुर्ची त्यांच्या वजनानं हलकेच मागं सरकली.

"बास," मुलगा म्हणाला. "उद्या यंत्र उचला. टेबल पुन्हा मांडू. आई, तू उद्यापासून बस, त्या चौघींनाही बोलावून घेतो. झाली एवढी शोभा पुष्कळ." सुनेनं मान खाली घातली. निघून गेली, आणि या वेळी तिच्या पाठीकडे बघताना मोठ्या बाईंना भट्टीवाल्याची पाठ आठवली. आठवायचं काही कारण नव्हतं.

हवं होतं ते मिळालं होतं. न मागता मिळालं होतं. उद्या टेबल, उद्या टण्ण टण्ण, रेडिओच्या बातम्या, पोटऱ्यांना ती ओळखीची कळ. मोठ्या बाईंनी खुर्चीत बसल्या-बसल्या आनंदाची वाट बघितली. तो येईना. पाच वाजता यंत्र थांबलं, माणसं हात धुवायला गेली, यंत्रवाला चहाला गेला. मोठ्या बाई उठल्या, बाहेर हॉलमध्ये यंत्रापाशी पुन्हा भरलेल्या लाल पेटीशी आल्या, भिंतीच्या टेबलाच्या खणातून आपली कांडी काढली आणि पेटीतला कप डाव्या बोटांवर घेतला. टण्ण. खणखणीत. दुसरा. खणखणीत. तिसरा, चौथा. नाण्यासारखे. दहा-पंधरा झाल्यावर मात्र त्यांचा हात थांबला. या सगळ्यांत काहीतरी एक होतं. त्यांनी पॅकिंगच्या ढिगातून एक पास झालेला कप उचलून आणला, तो वाजवला, मग पेटीतला वाजवला. डोळे मिटून पुन्हा. पेटीतला अर्ध्या केसानं खाली होता. चीर नव्हे, दोष नव्हे. एकाच आईची दोन पोरं, एकाचा आवाज किंचित जाड असावा तसं. कप उलटा करून तळ बघितला. रंग किंचित सायीकडे झुकणारा. म्हणजे भट्टीतली मागची रांग. मागं आच जरा कमी लागते, ते पहिल्यापासून आहे, त्यानं कपाचं काही बिघडत नाही. कप रचून भट्टीत ढकलायची गाडी पुढून रिकामी करतात, म्हणून पुढचे कप टेबलावर आधी येतात, मागची रांग शेवटी. मागची रांग येते साडेतीननंतर. मुके निघायचे त्याच वेळी. चारला.

कांडी हातात तशीच राहिली. यंत्रानं त्यांचं खोटं पकडलं नव्हतं. ते बिचारं त्या खोट्यात खरं काय आहे ते शोधत बसलं होतं, दिवसाला बारा हजार वेळा, आणि त्याला ते सापडलं होतं. मोठ्या बाईंनाही ठाऊक नसलेलं. ते पेटीत कप टाकत नव्हतं; सुनेची उठायची वेळ झाली, उठायची वेळ झाली, असं सारखं सांगत होतं. आणि कुणालाच कळत नव्हतं ते काय म्हणतंय. मोठ्या बाईंना एकदम अंगावरचं पातळ सरकल्यासारखं वाटलं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं. हॉल रिकामा. भट्टीची धग गालावर. लांब नळाखाली कुणीतरी बादली ठेवलेली, तिच्यात पाणी पडण्याचा आवाज जाड होत, भरत चाललेला. गप्प बसलं तर काय होईल? काही नाही. यंत्र जाईल. दुसरी भट्टी नाही, तीस माणसं नाहीत, आणि घरात, पुलापलीकडच्या त्या घरात, सून जन्मभर "तुझं खूळ" ऐकेल, भाजी खारट झाली तरी. आणि इथं चार वाजता टेबलापाशी शेजारचं स्टूल रिकामंच असेल. शिकवायला काही उरलंच नाही तर ती येईल कशाला?

यंत्राच्या पाठीमागून आवाज आला. टण्ण. थोडं थांबून, टण्ण. मोठ्या बाई वळसा घालून गेल्या. सून पालथ्या खोक्यावर बसली होती, गुडघे जवळ, डाव्या हाताच्या तीन बोटांवर कप, उजव्या हातात पेन्सिल. टिचकी अगदी कपाच्या कानासमोर, जशी शिकवली तशी. डोळे मिटलेले. गालावर सुकलेल्या पाण्याची रेघ.

"ते मुके नाहीत," मोठ्या बाई म्हणाल्या.

तिनं दचकून डोळे उघडले. "आई? मी परत एकदा ऐकून बघत होते, कदाचित..."

"मुके नाहीत म्हटलं ना. मुका असं काही नसतंच."

"पण तुमच्या कानाला..."

"माझ्या कानाला काय धाड भरलीय? कान ठीक आहे. जीभ घसरली होती." त्या उभ्याच राहिल्या, यंत्राला हात टेकून. काच अजून कोमट होती. "तू केस कापून आलीस ना, त्या दिवसापासून. त्या दिवसापासूनचे सगळे मुके काढून टाक. चांगले कप आहेत. मागच्या रांगेचे, एवढंच."

सुनेनं पेन्सिल खाली ठेवली. मग कामाची बाई ती, आधी कामाचंच बोलली. "तेवढ्या नोंदी काढल्या तर दोन दिवसांत सुधारेल ते."

"सुधारेल."

"मग यंत्र राहील, आई. तुमचं टेबल..."

"भिंतीला बरं आहे ते."

बादली भरून वाहायला लागली असावी. पाण्याचा आवाज पसरट झाला. मग सुनेनं विचारलं, अगदी खालच्या आवाजात, "पण का?"

मोठ्या बाईंनी आयुष्यात पुष्कळ प्रश्नांना उत्तरं दिली होती, बहुतेकांना विचारायच्या आधी. आता त्यांनी यंत्राच्या काचेवर नखानं एक थेंब खरवडला. थेंब आतल्या बाजूनं होता. "चार वाजले, की तू ते मिटायचीस," त्या म्हणाल्या.

सुनेचं तोंड जरासं उघडं राहिलं. तिनं हातातल्या कपाकडे बघितलं. "दोन कप मी घरी नेलेत," ती म्हणाली. "कधीचेच. एक मुका, एक साधा. रोज सकाळी ओट्यापाशी वाजवते, चमच्यानं. मला फरकच कळायचा नाही. ह्यांना नाही सांगितलं, म्हटलं, हसतील. मला वाटलं, माझाच कान कच्चा." तिनं नाक ओढलं, आणि त्यातून चक्क हसू फुटलं, उचकीसारखं. "आणि आई, गेल्या आठवड्यापासून तर मला तो ऐकू यायला लागला होता. मुका. खरंच. मी म्हटलं, चला, आलं एकदाचं आपल्याला."

बाहेरून मुलाची हाक आली, यंत्रवाला चहा घेऊन परतला होता. सून उठली, कपडे झटकले, डोळे पुसले. "मी सांगते ह्यांना, नोंदी करताना माझीच गफलत झाली. तुम्ही मधे येऊ नका, आई. उगाच त्या माणसासमोर तुमचं..."

"खबरदार!" मोठ्या बाईंचा आवाज रिकाम्या हॉलमध्ये असा वाजला, की बाहेरची हाक थांबली. "माझं खोटं आहे, मीच सांगेन. त्या गळ्यात पट्टा बांधलेल्यासमोर सांगेन. आणि तुझ्या कानाला काही झालेलं नाही, पहिल्या दिवसापासून पक्का आहे तो, माझ्याइतका. पण सासूचं बोलणं तीन-तीन महिने असं खरं मानून चालतं का कुणी? हलक्या कानाची आहेस बाई तू, दुसरं काही नाही."